रविवारी शटर किती वाजता ओढायचं?

सल्ला मागणाऱ्या एका दुकानदार बाईंच्या पत्राचा सारांश असा. तालुक्याच्या गावात नवरा-बायको मिळून किराणा दुकान चालवतात. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. त्यांच्या काळी ते दर बुधवारी बंद असायचं, पण २०१८ पासून वर्षाचे सगळे दिवस सकाळी सात ते रात्री साडेनऊ उघडं असतं. महिन्याच्या पगारावर दोन मुलगे आणि एक ताई कामाला आहेत. त्यांना ठरलेली सुट्टी नाही. काम असेल तेव्हा सांगून जायचं. रोजचा गल्ला सरासरी १५,००० रुपये आणि रविवारचा १८,०००, त्यातले ११,००० दुपारी एकच्या आतच जमतात. आठवडी बाजार गुरुवारी भरतो. आता व्यापारी मंडळानं रविवारी सगळी दुकानं बंद ठेवण्याचा ठराव मांडला आहे. कामावरच्या ताईंनीही मुलाची शाळा त्या दिवशी नसते म्हणून रविवारची सुट्टी मागितली आहे. नवऱ्याचं म्हणणं, चार रविवार बंद म्हणजे महिन्याला ७२,००० बुडाले, शिवाय कायद्यानं ३६५ दिवस उघडं ठेवायची परवानगी आहे आणि हमरस्त्यावरचं मोठं मार्ट कधीच बंद नसतं. सासूबाई म्हणतात, दाराशी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवू नये. मुलगी नववीत आहे आणि तिच्यासोबत निवांत जेवण कधी झालं ते आठवत नाही. पत्राचा शेवट या प्रश्नानं होतो: ‘मला रविवार बंद हवा आहे. हा माझा आळस आहे का?’

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, हा आळस नाही. सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, वर्षानुवर्षं काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या बाईला एक दिवस हवासा वाटला तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. पण ‘उघडं की बंद’ या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तुमच्या घरात ती कुणी पाहिलेली दिसत नाही.

यजमानांच्या ७२,००० पासून सुरुवात करू. हा आकडा गल्ल्याचा आहे, कमाईचा नाही. किराण्यात सगळा माल एकत्र धरून दहा टक्के सुटतात असं मानलं, तर चार रविवारांची कमाई ७,२०० रुपये. तीसुद्धा सगळी जात नाही. रविवारी बंद म्हटल्यावर तेलाचा डबा आणि पाच किलो गहू घेणारं गिऱ्हाईक शनिवारी किंवा सोमवारी येतं. निम्मी विक्री अशी सरकली तरी खरं नुकसान महिन्याला ३,६०० वर येतं. पाच रविवारांच्या महिन्यात ४,५००. ही रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही, पण घरात भांडण ७२,००० वर चाललं आहे आणि ते ३,६०० वर व्हायला हवं.

निम्मी विक्री सरकेल हा मात्र माझा अंदाज, खरा आकडा तुमच्या वहीत मिळेल. त्यासाठी चार रविवार नोंद ठेवा. एका कागदावर वेळेचे चार रकाने करा: सात ते दहा, दहा ते एक, एक ते पाच आणि पाचनंतर. प्रत्येक रकान्यात तीन प्रकारची विक्री वेगळी लिहा. पहिला प्रकार आत्ताच्या आत्ता लागणाऱ्या वस्तूंचा: दूध, ब्रेड, अंडी, सुकं खोबरं, गरम मसाला, पाहुणे आल्यावर धावत येऊन नेलेली थंड पेयाची बाटली. दुसरा यादीचा, म्हणजे महिन्याचा किंवा आठवड्याचा माल. तिसरा जाता-जाता घेतलेल्या बिस्किट-वेफर्सचा. दुकान बंद असलं तर पहिला आणि तिसरा प्रकार बहुतेक हातचा जातो, दुसरा सरकतो. ही नोंद दिवाळीआधी, गणपतीआधी किंवा श्रावणात करू नका. श्रावणात अनेक घरांतलं रविवारचं मटण बंद होतं, साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याचा खप वाढतो आणि तुमच्या रविवारचं चित्रच बदलतं. महिन्याचे पहिले दोन आणि शेवटचे दोन असे चारही रविवार मात्र धरा, कारण पगाराच्या आठवड्यातला रविवार आणि पंचवीस तारखेनंतरचा रविवार यांत मोठा फरक पडतो.

तुमच्या आकड्यांवरून एक गोष्ट आत्ताच दिसते. तुमचा रविवार खरं तर सकाळचा आहे. घरोघरी मटण-कोंबडी शिजायच्या आधी वाटणाचं सामान हवं असतं, त्यामुळे एकपर्यंत ११,००० जमतात. त्यानंतरचे ७,००० मिळवायला तुम्ही आणखी साडेआठ तास दिवे लावून बसता. ते सात हजार सगळेच्या सगळे गेले असं धरलं तरी कमाई जाते ७०० रुपयांची, आणि निम्मे सरकले तर ३५० ची. म्हणून माझा सल्ला असा: तूर्त रविवार पूर्ण बंद करू नका. दर रविवारी दुपारी एकला शटर ओढा, बाराही महिने. अपवाद फक्त दिवाळीआधीचे दोन रविवार आणि गणपतीआधीचा एक, आणि तेही आधीच पाटीवर लिहिलेले. ‘पहिला-दुसरा रविवार उघडं, तिसरा-चौथा बंद’ अशी वाटणी हिशेबाला जास्त सोयीची वाटेल, तरी ती टाळा. बँकांचा दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासून बंद असतो आणि आजही माणसं बंद दारावरून परत जातात. बंद दुकानापुढे एकदा आलेलं गिऱ्हाईक रागावत नाही. आज उघडं असेल की नाही याचा भरवसा उरला नाही, की मात्र ते कायमचं दुसरीकडे वळतं.

लोक काय म्हणतील ही तुमची धास्ती पत्रात दोनदा आली आहे. आपल्याकडे केशकर्तनालय सोमवारी बंद असतं म्हणून कुणी न्हाव्याशी भांडत नाही. केस रविवारी कापून घेतो. दादरची कितीतरी दुकानं सोमवारी बंद असतात आणि मुंबईकर त्या हिशेबानं खरेदीला निघतो. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. वार पक्का असेल तर गावाच्या तो अंगवळणी पडतो. ‘रविवारी बंद ठेवलं तर आम्ही कुठे जायचं’ असं म्हणणारं गिऱ्हाईकही चुकीचं नाही, कारण त्याची स्वतःची सुट्टी रविवारी असते आणि खरेदीला त्याला तोच वेळ मिळतो. त्याची ही अडचण सकाळच्या सहा तासांत भागते. रात्री आठ वाजताही दुकान उघडं असावं ही अपेक्षा मात्र सवयीतून आलेली असते, आणि सवय बदलते.

आता कायद्याचं. यजमान म्हणतात ते बरोबर आहे, पण अर्धंच. आपण ज्याला गुमास्ता म्हणतो त्या १९४८ च्या कायद्यानं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं भाग होतं. तुमच्या सासऱ्यांचा बुधवार त्यातलाच. १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं दुकानाला सातही दिवस उघडं राहायची मुभा दिली, पण कामगाराची आठवड्याची सुट्टी काढून घेतली नाही. सलग चोवीस तासांची सुट्टी, ती देता आली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी या दोन गोष्टी कायद्यानं वेगळ्या केल्या, आणि तुमच्या दुकानात त्या एकदमच नाहीशा झाल्या. ही कलमं मोठ्या आस्थापनांसाठी आहेत. मोजकीच माणसं असलेल्या दुकानावर या कायद्यानं फक्त कळवण्याचं बंधन ठेवलं, त्यामुळे तीन माणसांच्या तुमच्या दुकानात सुट्टीचं रजिस्टर तपासायला कुणी येणार नाही. हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या मार्टमधल्या पोरांना पाळीनं का होईना, आठवड्याची सुट्टी मिळावी अशी कायद्याची सोय आहे. तुमच्या ताईंना ती फक्त तुम्ही देऊ शकता.

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही, हेही घरात सांगा. मुंबईच्या गिरण्यांत सातही दिवस काम चाले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार पंधरा तारखेच्या आत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार म्हणूनही रविवार कामगारांना जवळचा होता. सहा वर्षं मागावं लागलेलं हे आपल्या दुकानातून २०१८ पासून कसं निसटलं, यावर यजमानांशी शांतपणे बोला.

सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका, पण त्यांना एक विचारा: दर बुधवारी दुकान बंद असायचं तेव्हा लक्ष्मी रुसली होती का? त्याच बुधवारांच्या दुकानावर हे घर उभं राहिलं. त्या बुधवारी घरात काय व्हायचं हेही विचारा. त्या तुमच्या बाजूनं बोलण्याची शक्यता मला बरीच वाटते.

माणसांची वाटणी अशी करता येईल. रविवारी सात ते एक दोन माणसं पुरतात, म्हणून तिघांपैकी एकाला दर रविवारी पूर्ण सुट्टी. उरलेल्या दोघांपैकी एकाला मंगळवारी, दुसऱ्याला बुधवारी. गुरुवारी बाजार आणि शनिवारी याद्या, त्या दिवशी कुणालाच नाही. दर आठवड्याला पाळी फिरवा. अशानं प्रत्येकाला आठवड्यातून एक अख्खा दिवस मिळतो, दर तिसरा रविवार पूर्ण मिळतो आणि बाकीचे रविवार दुपारी दीडला घरी जाता येतं. रविवारच्या अर्ध्या दिवसालाच साप्ताहिक सुट्टी मानू नका; ही चूक सर्रास होते. सकाळी सातला कामावर आलेल्या माणसाला त्या दिवशी गावाला जाता येत नाही, मुलाला दवाखान्यात नेता येत नाही. मंगळवार-बुधवारी एक माणूस कमी पडणार, तर सुटा माल निवडायचं आणि अर्धा-अर्धा किलोच्या पुड्या बांधायचं काम सोमवार आणि शुक्रवारच्या दुपारी घ्या, तेव्हा काउंटर रिकामं असतं.

तुम्हा दोघांचं नक्की झालं, की तिघांना वेगवेगळं बसवून विचारा. तिघांपुढे विचारलं तर जो आधी बोलेल त्याच्या मागे बाकीचे जातात. ताईंना प्रत्येक रविवार हवा असेल. एखाद्या मुलाला मंगळवारच सोयीचा असेल आणि तो आपले रविवार ताईंना आनंदानं देईल. आणि सुट्टीचे पैसे पगारातून कापू नका. कापले, की दुसऱ्याच महिन्यात तिघंही ‘आम्हाला सुट्टी नको’ म्हणतील आणि यजमान म्हणतील, बघ, त्यांनाच नको आहे.

हे सुरू करताना जिथे घोळ होतो त्या जागा सांगते. पाटी तीन आठवडे आधी लावा आणि ती शटरच्या बाहेरच्या बाजूला रंगवून घ्या. आतली पाटी दुकान बंद असताना कुणाला दिसणार? मजकूर इतकाच: ‘दर रविवारी दुपारी १ नंतर बंद. सोमवारी सकाळी ७ वाजता उघडेल.’ गुगल मॅपवरच्या वेळा बदला. यादीवाल्या गिऱ्हाइकांना शुक्रवारी व्हॉट्सअॅपवर कळवा, की यादी शनिवारी दुपारपर्यंत पाठवावी. शनिवारी संध्याकाळी घरपोच मालाचा भार वाढणार, म्हणून पहिले दोन महिने त्या तीन तासांपुरता एखादा मुलगा जास्तीचा ठेवा. ब्रेडवाल्याला रविवारचा माल कमी करायला सांगा, नाहीतर दुपारी उरलेला ब्रेड सोमवारी कुणी घेत नाही. शनिवारी आणि रविवारी सकाळी दूध आणि अंडी थोडी जास्त लागतील.

एक गोष्ट हमखास होते. शटर ओढताना सवयीनं मेन स्विच बंद केला जातो आणि सोमवारी सकाळी डीप फ्रीझरमधलं आइस्क्रीम पातळ झालेलं, पनीर आंबलेलं. वायरमन बोलावून फ्रीझर आणि फ्रिजची लाइन मेनपासून वेगळी काढून घ्या आणि त्या लाइनच्या स्विचवर (एमसीबीवर) लाल चिकटपट्टी लावा. रविवारचा गल्ला दुकानात ठेवू नका. सोमवारी कंपन्यांचे सेल्समन पैसे मागायला येतात, त्यांची रक्कम रविवारी दुपारीच मोजून वेगळी बांधून ठेवली की सोमवारची सकाळ सुरळीत जाते.

सगळ्यात मोठा धोका अर्ध्या शटरचा. तुमचं घर दुकानाच्या वरच आहे. संध्याकाळी खालून हाक येईल, ‘भाऊ, एक साखरेची पुडी द्या.’ यजमान उतरतील, शटर गुडघ्याइतकं वर जाईल, पुडी बाहेर येईल. ते पाहून पुढच्या रविवारी आणखी चारजण हाक मारतील आणि महिन्याभरात दुकान पुन्हा रात्री साडेनऊपर्यंत चालू होईल, फक्त अंधारात. म्हणून आधीच ठरवा की बाळाची दूध पावडर आणि कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला असेल तर लागणारं सामान, एवढ्यासाठीच खाली उतरायचं. बाकी कितीही जवळचा माणूस असला तरी ‘उद्या सातला’. हे वाक्य यजमानांना जड जाईल. पहिले काही रविवार दुपारनंतर तुम्ही सगळे घराबाहेर पडलात तर सोपं जाईल.

मार्टची भीतीही जरा तपासून पाहू. रविवारी संध्याकाळी मार्टला जाणारं कुटुंब फिरायलाही निघालेलं असतं. तुमचं शटर वर असलं तरी ते तिकडेच जातं. तुमच्याकडे माणसं उधारीच्या वहीसाठी येतात, पावशेर डाळ मिळते म्हणून येतात, फोनवर यादी सांगितली की माल घरी पोहोचतो म्हणून येतात. यातलं काहीही रविवारी संध्याकाळच्या उघड्या शटरवर अवलंबून नाही.

व्यापारी मंडळात पूर्ण बंदच्या ठरावाला विरोध करू नका, दुरुस्ती सुचवा. मंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. एकानं जरी उघडं ठेवलं तरी त्या दिवसाचं सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं आणि ठराव मोडतो. किराणा दुकानं रविवारी एकपर्यंत, सगळ्यांची पाटी सारखी, सणांचे अपवाद आधी लिहिलेले आणि औषधांची दुकानं यातून वगळलेली, इतकं सोपं ठेवलं तर टिकण्याची आशा आहे. दंडाची भाषा नको. आणि हे एकच माप सगळ्या धंद्यांना लावू नका. कापड, भांडी, चपला यांचा रविवार हाच मुख्य दिवस, कारण ती खरेदी घरची सगळी माणसं मिळून करतात. त्यांनी आपल्याकडचा सगळ्यात मंद वार वहीतून शोधून तो पूर्ण बंद ठेवावा. वह्या-पुस्तकांच्या दुकानाला जूनमधले रविवार सोडता येत नाहीत, एरवीचे येतात.

यजमानांशी बोलताना ‘कायमचं’ हा शब्द काढू नका. तीन महिन्यांची चाचणी म्हणा आणि ती दिवाळीनंतरच्या शांत महिन्यांत घ्या. मोजताना एकट्या रविवारचा गल्ला पाहू नका. तो कमी होणारच. आठवड्याची बेरीज पाहा. आज ती १,०८,००० आहे. महिन्याची सरासरी १,०४,००० च्या वर राहिली, तर आठवड्याला कमाईतले जास्तीत जास्त ४०० रुपये गेले, आणि त्यात पाच माणसांची सुट्टी झाली. बेरीज त्याखाली गेली तर आधी शनिवारच्या याद्या वेळेत जातात का ते तपासा, अडचण बहुधा तिथे सापडते. बेरीज जागची हललीच नाही, तर रविवार पूर्ण बंद करायचा विचार चौथ्या महिन्यात करता येईल.

तुमच्या स्वतःच्या रविवारचंही ठरवून घ्या. सकाळी एका रविवारी तुम्ही दुकानात बसा, दुसऱ्या रविवारी यजमान. आणि दुपारी एकनंतरचा वेळ आठवड्याभराच्या धुण्यात, डबे घासण्यात आणि रविवारच्या खास स्वयंपाकात गेला, तर सुट्टी दुकानाला मिळाली, तुम्हाला नाही. महिन्यातून दोन रविवारी रात्रीचं जेवण यजमान आणि मुलगी करतील, हे पाटी रंगवायच्या आधीच बोलून घ्या. नववीतली मुलगी खिचडी-पापड सहज करते.

कामावरच्या ताईंना मात्र यातलं काही लगेच सांगू नका. तुम्हा दोघांचं नक्की झालं, तारीख ठरली, की मग सांगा. त्या आपल्या मुलाला शब्द देऊन बसतील, आणि तो शब्द मोडण्याची वेळ त्यांच्यावर येता कामा नये.